केळनेच्या काठचा तांबडा मणी

वाईच्या शाळेत मी तीस वर्षं इतिहास शिकवला. सहल किल्ल्यावर गेली की परतीच्या एस.टी.त चढण्याआधी पोरापोरींचे खिसे तपासायचे, हा माझा नियम. कुणी खापराचा तुकडा उचललेला असायचा, कुणी दगडाची कपची. ज्याची वस्तू त्याने होती तिथे नेऊन ठेवायची, मगच गाडी हलायची. एकदा एका पोरीपायी मी अख्खी गाडी अर्धा तास थांबवून ठेवली होती, आणि तो ड्रायव्हर पुढची दोन वर्षं माझ्याशी धड बोलला नाही. हे आधीच सांगून टाकते, कारण गेल्या जानेवारीत जालना जिल्ह्यात जाऊन मी जे केलं ते वाचून माझे विद्यार्थी मला हसणार आहेत. हसू द्या.

आमची प्राजक्ता हसनाबादला दिली आहे. जावई किरण पुण्यात नोकरीला, पण घर, शेती, माणसं सगळी तिकडे, भोकरदन तालुक्यात. पहिलं बाळंतपण आमच्याकडे वाईला झालं, मुलगी झाली, आणि बाराव्या दिवशी किरण एक छोटी डबी घेऊन आला. डबीत काळ्या दोऱ्यात ओवलेला मणी होता. तांबडा, बोराच्या बीएवढा, मधोमध एक पांढरी रेघ. किरणच्या पणजोबांनी घराच्या धाब्यावर टाकायला भोकरदनच्या पांढरीतून गाडीभर माती आणली होती. पांढरी म्हणजे जिथे जुनं गाव मोडून मातीला मिळालं ती जागा. तिथली माती चांगली बसते, पाणी खाली झिरपू देत नाही, म्हणून त्या भागात मातीच्या छपरांवर तीच टाकायची रीत होती. त्या मातीत हा मणी निघाला. तेव्हापासून घरात जन्मलेल्या प्रत्येक लेकराच्या मनगटाला दृष्ट लागू नये म्हणून तो बांधतात. आमच्या विहीणबाईंचा, गयाबाईंचा, किरणबरोबर निरोप होता की मणी सध्या बाळाजवळ असू द्या, आणि नात घरी आली की उंबऱ्यात मी माझ्या हाताने तिला बांधीन.

तो मणी मी हरवला.

दोरा तेलकट झाला होता. मला स्वच्छतेची खोड. दोरा तोडला, मणी साबणाच्या पाण्यात बशीत घातला, बशी मोरीच्या कट्ट्यावर ठेवली. तेवढ्यात बहिणीचा फोन आला. बोलता बोलता कट्टा आवरला आणि बशी मोरीत ओतून मोकळी झाले. मग जाळी काढली, नळवाला बोलावला, गटार उपसलं. मिळाला नाही. आमच्या आळीची गटारं शेवटी कृष्णेला जातात, म्हणजे मणी गेला तो गेला. हे फक्त आमच्या ‘ह्यां’ना माहीत. प्राजक्ताने विचारलं तेव्हा मी सांगितलं, कपाटात नीट ठेवलाय. एकसष्टाव्या वर्षी मी लेकीशी खोटं बोलायला लागले.

आणि अशात गयाबाईंचा फोन. “इनबाई, तुमची लेक बाळाला घेऊन पुण्याहून शनिवारी येऊन राह्यली. तुमी दोघं बुधवारीच या. इतिहासाच्या बाई तुमी, अन भोकरदन पाह्यलं न्हाई म्हंजी काय?” तिकडे विहिणीला इनबाई म्हणतात आणि व्याह्याला इवाई. मी हो म्हणाले. मनात म्हटलं, तीन दिवस हातात आहेत, ज्या मातीतून तो मणी निघाला ती माती तिथेच आहे. तसलाच दुसरा सापडला तर सापडला. नाहीतर उंबऱ्यात, चार बायकांसमोर, ओवाळणीच्या ताटाशेजारी उभं राहून सांगावं लागणार होतं की तुमच्या चार पिढ्यांचा मणी मी मोरीत ओतला.

जालना ते हसनाबाद

सकाळी गाडीतून जालन्याला उतरलो. स्टेशनाबाहेर पाऊल टाकलं की बियाण्यांच्या पाट्याच पाट्या. कापूस, मका, मिरची, सगळ्यांची चित्रं खऱ्यापेक्षा मोठी. आमचे व्याही रंगनाथराव जीप घेऊन तासभर आधीच येऊन बसले होते. पांढरा सदरा, डोक्यावर आमच्यासाठी खास बांधलेला फेटा. मी म्हटलं, कशाला एवढ्या लवकर आलात. ते म्हणाले, “इवाई येऊन राह्यले अन मी घरी बसू का? चा घ्या, मंग निघू. जल्दी बिलकुल न्हाई.” चहा एवढा गोड की चमचा उभा राहावा. दुसरा कप नको म्हणायची सोय नव्हती.

शहर मागे पडलं की रान मोकळं होत जातं. आमच्याकडे कुठेही बघा, नजर डोंगराला अडते. इथे नजर लांब जाते आणि दमली की एखाद्या लिंबाखाली टेकते. ज्वारी निसवलेली, हरभरा घाट्यावर, मध्येच मोसंबीच्या काळ्याशार बागा. हे खिडकीतून बघत म्हणाले, “इथं वारा किती सरळ येतो गं.” माझं लक्ष रस्त्याकडेच्या मातीकडे होतं.

वाटेत राजूरचा गणपती. बायकांच्या रांगेतून मी आत गेले आणि अगदी स्पष्ट मागणं मागितलं: तांबडा, बोराच्या बीएवढा, मधोमध पांढरी रेघ. देवाला मोघम सांगून चालत नाही. बाहेर आले तर हे आणि रंगनाथराव कोपऱ्यात डोक्याला डोकं लावून काहीतरी बोलत होते आणि मला बघून गप्प झाले. मला वाटलं गुडघ्यांविषयी चाललं असेल. दोघांचंही ते दुखणं जुनं.

हसनाबादला घराच्या दारात गयाबाई उभ्या. उंच, काटक, हातात भाकरीचा तुकडा आणि पाण्याचा तांब्या. आम्हा दोघांवरून तुकडा ओवाळून टाकला, पायांवर पाणी घातलं आणि मग माझे दोन्ही हात धरून म्हणाल्या, “वाळल्या की वो तुमी, बाळंतपण करता करता.” असं मला गेल्या दहा वर्षांत कुणी म्हटलेलं नाही. मी तिथेच त्यांची झाले.

जेवायला येसराची आमटी. गहू, हरभऱ्याची डाळ आणि मसाले भाजून दळलेलं ते पीठ वर्षभर डब्यात असतं. पाण्यात कालवून फोडणीत सोडलं की काळपट, दाट, अशी आमटी होते की नाकातून पाणी आणि तोंडातून ‘वाढा’ एकदमच बाहेर पडतं. सोबत ज्वारीची भाकरी, ताटाबाहेर जाणारी, आणि ठेचा. आमच्याकडे व्याही आले तर सगळे एकत्र बसतो, ज्याला हवं तो घेतो. इथे आम्ही जेवत असताना रंगनाथराव तांब्या घेऊन उभे. बसा म्हटलं तर म्हणाले, “तुमी उठल्यावर बसतो. इवायाच्या ताटाकडं बघत उभं राहायचं, हाच तर मान हाय.” माझ्या तिसऱ्या भाकरीला तेच जबाबदार आहेत.

सगळं बोलणं झालं. बाळ कुणावर गेलंय, रडतं किती, रंग कसा. मण्याविषयी गयाबाईंनी चकार शब्द काढला नाही. मी प्रत्येक वाक्याला दचकत होते, आता विचारतील, मग विचारतील. नाही विचारलं. एवढ्या सभ्य बाईला आपण फसवायला निघालोय, या विचाराने दुपारची झोप काही लागली नाही.

भोकरदन

दुसऱ्या दिवशी रंगनाथरावांचे धाकटे भाऊ दत्ताभाऊ आम्हाला न्यायला आले. भोकरदनला त्यांचं मोटारी भरायचं दुकान आहे. विहिरीवरच्या पंपाची जळालेली मोटार हा माणूस नुसत्या वासावरून ओळखतो म्हणतात. त्या दिवशी दुकान बंद ठेवून ते आमचे वाटाडे झाले.

भोकरदन केळना नदीच्या काठावर आहे. मी नदीकाठच्या गावची, त्यामुळे दुसरी नदी बघताना जरा तोऱ्यातच असते. आमच्या कृष्णेला घाट आहेत, देवळं आहेत, पायऱ्यांवर बसायला सावली आहे. केळना जानेवारीत अंग चोरून वाहत होती. खडकांमधून पाण्याच्या दोन-तीन धारा, त्यात कपडे आपटणाऱ्या बायका, आणि मध्येच एक म्हैस, सगळी नदी आपल्या नावावर असल्यासारखी बसलेली. मी म्हणाले, घाट दिसत नाही कुठे. दत्ताभाऊ म्हणाले, “बाई, तुमच्याकडं दगड आणून घाट बांधला. आमच्या लोकांनी हाय त्या दगडातच घर केलं. चला दावतो.”

आणि खरंच, काठाचा कातळ कोरून केलेली लेणी. वेरूळ इथून काही फार लांब नाही, त्यामुळे इकडे सहसा कुणी वळत नाही. पण वेरूळला आपण मान वर करून फिरतो. इथे वाकून आत जायचं, हात लावला तर छत लागतं, बाहेर नदीचा आवाज आणि आत गारवा. झिजलेले खांब, भिंतीवर ओळखीचे वाटून हातचे निसटणारे देव, आणि एका बाजूला कुंकवाने माखलेली देवी, रोजच्या पूजेतली. एक म्हातारे बाबा तिथे झाडलोट करत होते. ह्यांनी खांबाला टेकून डोळे मिटले आणि म्हणाले, “मला इथंच सोडा, संध्याकाळी घेऊन जा.”

आता जरा बाई होऊन सांगते. हे गाव म्हणजे जुनं भोगवर्धन. उत्तरेकडून पैठणला जाणारे तांडे या वाटेने जायचे. सांचीच्या स्तूपाच्या दगडांवर दान देणाऱ्यांची नावं कोरलेली आहेत, त्यांत भोगवर्धनची माणसं आहेत. विचार करा, इथून उठून तिथवर गेले आणि आपलं गाव दगडावर सोडून आले. इथल्या उत्खननात शंखाच्या बांगड्या निघाल्या, हस्तिदंताची एक नाजूक बाई निघाली, आणि निघाले मणी. ढिगाने मणी. वर्गात हे सगळं मी कितीदा शिकवलं असेल. त्या दिवशी मात्र ‘ढिगाने’ या एका शब्दावर माझा सगळा जीव टांगलेला होता.

लेण्यातून बाहेर पडताना दत्ताभाऊ उंबऱ्याशी थबकले. “बाई, इथं बघा बरं जरा. हितं, या कोपऱ्यात.” मी बघितलं. धुळीत मणी होता. तांबडा. मधोमध पांढरी रेघ.

खोटं कशाला सांगू, माझा हात शिवशिवला. चपलेचा पट्टा नीट करायच्या निमित्ताने मी खाली बसलेसुद्धा. दत्ताभाऊ लगेच पाठ फिरवून नदी बघायला लागले, हेही छताकडे बघत शीळ घालू लागले. एवढी मोकळीक मला आयुष्यात कुणी दिली नव्हती. बोटं मण्याला टेकली, आणि तेवढ्यात माझ्याच कानात माझाच आवाज आला: ज्याची वस्तू त्याने होती तिथे नेऊन ठेवायची, मगच गाडी हलेल. तीस वर्षांचा आवाज तो, काय गप्प बसतोय. मी उठले, मणी तळहातावर घेतला आणि थेट झाडणाऱ्या बाबांना नेऊन दिला. “बाबा, हा इथे सापडला. जुना दिसतो. ज्यांच्या ताब्यात ही लेणी आहेत त्यांना दाखवा.” वर दत्ताभाऊंना पाच मिनिटं समजावून सांगितलं की जुन्या जागेवरची वस्तू उचलली की तिची गोष्टच तुटते. दत्ताभाऊंचा चेहरा पडला. मला वाटलं, माझ्या बोलण्याचा परिणाम झाला. बाबांनी मणी कपाळाला लावला आणि देवीपुढे ठेवून दिला.

गावातल्या पांढरीवर गेलो. जुन्या गावाच्या ढिगावर आजचं गाव बसलंय. खाली सातवाहन, वर डिश अँटेना. जिथे बाजूने माती ढासळलीय तिथे खापरांचे थर दिसतात. लोक त्यावर शेळ्या बांधतात, गोवऱ्या थापतात, आणि खालच्या दोन हजार वर्षांचं ओझं कुणाच्या चेहऱ्यावर दिसत नाही. मी इतकी खाली बघून चालत होते की एका बाईने दारातून विचारलं, “काय हरपलं का बाई?” मी म्हटलं, नाही हो. आणखी एक खोटं.

आणि आता जे सांगते त्याची मला खरी लाज वाटते. लेण्यात मोठं भाषण ठोकून आलेली ही बाई बाजारात आल्यावर, “पाणी घेऊन येते” म्हणून एकटी सटकली आणि पटवेकऱ्याच्या दुकानात शिरली. मंगळसूत्र ओवून देणारा, रंगीत मणी विकणारा म्हातारा माणूस. मी हळूच विचारलं, तांबडा मणी आहे का, मधोमध पांढरी रेघ असलेला. तो चष्म्यावरून बघत म्हणाला, “होते की. कालच एक भाऊ समदे घेऊन गेले. पाच-सहाच होते. काय सण हाय का काही?” मी पाणी न घेताच परत आले. उचलायचा नाही म्हणून बाणा, आणि खोटा विकत घेऊन खपवायला मात्र मी तयार होते. केळनेच्या पुलावर जीप थांबली तेव्हा हे म्हणाले, “काय गं, एवढी गप्प?” मी म्हटलं, ऊन लागलं.

हुरडा

शुक्रवारी सकाळी गयाबाईंनी मला अंगणात हाक मारली. त्यांच्या गोठ्यावर अजून मातीचं धाबं आहे, त्याच पांढरीच्या मातीचं. धाब्याच्या कडेला मातीचा सडा पडलेला. “इनबाई, एवढं झाडून घेता का? मी चुलीकडं बघते.” पाहुण्या विहिणीच्या हातात केरसुणी. कालपर्यंत मला पाण्याचा पेलासुद्धा उचलू न देणाऱ्या बाईंनी केरसुणी द्यावी, याचं मला नवल वाटलं, पण मी झाडायला लागले. तिसऱ्याच फटकाऱ्याला मणी. तांबडा, पांढरी रेघ.

हा तर घरचाच. यांच्याच मातीतला, कुणाचा हक्क नाही, कुठला नियम नाही. मी तो पुसून उन्हात धरला आणि तिथेच माझी शिक्षिका पुन्हा उठून बसली. “अहो गयाबाई, रंगनाथराव, या इकडे, गंमत बघा.” सगळे आले, दत्ताभाऊसुद्धा. मी दाखवलं: “जुन्या मण्याला दोन्ही बाजूंनी भोक पाडत आणायचे, म्हणून भोक मध्ये अरुंद होतं. हे बघा, याचं भोक आरपार सरळ. काच आहे ही. कालपरवाचा बाजारातला मणी.” तिघांनी एकदम खाली बघितलं. दत्ताभाऊ पुटपुटले, “लई बारीक नजर हाय बाईंची.” हे कपाळाला हात लावून आत निघून गेले. मी मणी गयाबाईंच्या हातावर ठेवला, कुणाचातरी हरवला असेल म्हणून. त्यांनी तो पदराला बांधला.

दुपारी रानात हुरडा. आमच्याकडेही हुरडा होतो, पण इथली आगटी बघावी. जमिनीत खळगा, त्यात गोवऱ्यांचा विस्तव, त्यात कोवळी कणसं. भाजलेलं कणीस तळहातावर चोळलं की हिरवे, गरम, गोड दाणे खाली पडतात. शेंगदाण्याची चटणी, लसणाची चटणी, गूळ, मातीच्या मडक्यातलं दही. बोरं तर झाडाखाली अंथरलेलीच. पाहुण्याने स्वतः कणीस चोळायचं नाही. गयाबाई माझ्यासाठी चोळत होत्या, त्यांच्या हाताला चटके बसत नाहीत असंच वाटावं. हे आणि रंगनाथराव गुळावरून लहान मुलांसारखे भांडत होते. वारा सरळ येत होता. इतकं सुख होतं तिथे, आणि मी उद्याच्या दिवसाला किती तास उरले ते मोजत होते.

गयाबाईंनी मूठभर दाणे माझ्या हातावर ठेवले. मी तोंडात टाकले आणि कट्ट असा आवाज झाला.

पहिला विचार दाढेवर महिन्याभरापूर्वी बसवून घेतलेल्या टोपीचा. टोपी जागेवर होती. तोंडातून जे बाहेर काढलं ते तळहातावर ठेवून मी बघत बसले. तांबडा. मधोमध पांढरी रेघ.

आता मात्र माझ्याच्याने राहवलं नाही. लेण्यात मणी, अंगणात मणी, हुरड्यात मणी. देवच मला छळतोय असं वाटलं. मी तिथेच, हातात मणी धरून, गयाबाईंना सगळं सांगून टाकलं. बशी, मोरी, बहिणीचा फोन, प्राजक्ताशी बोललेलं खोटं, पटवेकऱ्याचं दुकानसुद्धा. “तुमच्या चार पिढ्यांची वस्तू माझ्या हातून गेली. मला माफ करा म्हणायचंसुद्धा तोंड नाही,” म्हणाले आणि मला रडू कोसळलं. साठी उलटलेली बाई ज्वारीच्या रानात बसून हुंदके देत होती.

गयाबाईंनी हात झटकले आणि म्हणाल्या, “इवायानं राजूरलाच सांगितलं आमाला.”

मी ह्यांच्याकडे बघितलं. ह्यांचं सगळं लक्ष गुळात.

“मंग मी इचार केला,” गयाबाई सांगत होत्या, “शनिवारी समद्या भावकीतल्या बाया जमनार. त्यांच्यासमोर माझ्या इनबाईनं माझ्याच उंबऱ्यात मान खाली घालावी? हे मला बराबर वाटंना. म्हन्लं, तुमाला सापडू द्यावा. तुमी गुपचूप आनून द्यावा, मी गुपचूप बांधावा. संपलं. दत्ताभावजीला बाजारात पाठवलं.”

“पाच मणी आनल्ते,” दत्ताभाऊ म्हणाले. “पयला लेण्यात ठेवला, तर तुमी बाबाला देऊन मोकळ्या. बाबानं देवीपुढं ठेवला, आता देवीपुढचं परत कसं मागावं? दुसऱ्याला तुमी बाजारातला म्हन्लं. भोक पाहून कोन मणी घेतं वो बाई?”

“म्हनून मंग हुरड्यात घातला,” गयाबाई म्हणाल्या. “म्हन्लं, आता तोंडातच घालते, बघू कशी न्हाई म्हनती.”

मी रडत होते ते कधी हसायला लागले मला कळलं नाही. चुरचुरणारं ऊन, धुराने लाल झालेले सगळ्यांचे डोळे, आणि आम्ही दोघी विहिणी एकमेकींच्या खांद्यावर हात टाकून हसतोय. रंगनाथराव तेवढ्यात ह्यांना म्हणाले, “इवाई, तुमच्या पोटात काय राहत न्हाई बिलकुल.” हे म्हणाले, “गूळ राहतो.”

हसणं ओसरल्यावर मी म्हटलं, पण आता बाळाला काय बांधायचं. गयाबाईंनी माझ्या तळहातावरचा मणी उचलला, पदराने पुसला. “हाच.”

“अहो, हा बाजारातला आहे. काचेचा.”

गयाबाई म्हणाल्या, “माझ्या आजसासऱ्याला सापडला, तोबी कवातरी कोन्या बाजारातलाच असंल की. कोन्या बाईनं आपल्या लेकरासाठीच घेतला असंल.”

तीस वर्षं मी भोगवर्धनचा बाजार शिकवला. एवढी साधी गोष्ट मला कुणा पुस्तकाने सांगितली नव्हती.

उंबऱ्यात

शनिवारी प्राजक्ता आणि किरण बाळाला घेऊन आले. भावकीतल्या बायकांनी दार भरून गेलं. गयाबाईंनी भाकरतुकडा ओवाळला, पाणी घातलं, आणि कमरेच्या पिशवीतून काळ्या दोऱ्यात ओवलेला मणी काढून नातीच्या मनगटाला बांधला. किरण वाकून बघत म्हणाला, “आई, रेघ जरा जाड वाटून राह्यली.” गयाबाई जराही न गडबडता म्हणाल्या, “चार पिढ्या झाल्या. ती बी वाढनारच ना.” बायकांनी माना डोलावल्या. प्राजक्ताने एकदा मण्याकडे बघितलं, एकदा माझ्याकडे, आणि मला कळलं की माझी लेक मूर्ख नाही. फोटो झाल्यावर तिनेच मणी सोडून, बाळाच्या तोंडापासून लांब, पाळण्याच्या वरच्या दांडीला बांधला. तिथून तो आता हलतो आणि बाळ हात वर करून त्याच्याशी भांडतं.

निघताना गयाबाईंनी येसराचा डबा दिला, मोसंबीची गोणी दिली, आणि पुडीत बांधून उरलेल्यातला एक मणी दिला. म्हणाल्या, “ठेवा. दुसऱ्या नातीला लागंल. अन मोरीजवळ ठेवू नका.”

आता वाईला परत आले आहे. संध्याकाळी घाटावर जाते तेव्हा कृष्णेकडे बघताना तो पहिला मणी आठवतो. तो इथेच कुठेतरी वाळूत बसला असणार, घाई कसली त्याला. कधीतरी, आम्ही सगळे मातीला मिळाल्यावर, कुणाच्या तरी हाताला लागेल. मग कुणी इतिहासाच्या बाई तो उन्हात धरून भोक तपासतील आणि वर्गात शिकवतील, की भोगवर्धनच्या लोकांचा वाईशी जुना संबंध होता. बरोबरच शिकवतील त्या. आमची लेक दिली आहे तिथे.